सरांच्या कानावर

विल्टन फॉल्स, ओहायो
२५ ऑगस्ट १९८५

प्रिय पद्मे,

तुझा शैलू सुखरूप पोचला आणि माझ्याकडे दोन वेळा जेवूनही गेला. हे आधी सांगून टाकते, नाहीतर तू पुढचं वाचायची नाहीस. लोणच्याची बरणी फुटली नाही. मेतकुटाची पिशवी मात्र त्याच्या बुटांत कोंबलेली होती, ती कुणाची अक्कल ते मी विचारत नाही. खाल्लं आम्ही तसंच.

फोनपेक्षा पत्रं बरी म्हणालीस ते पटलं. फोनवर तू सारखी घड्याळाकडे बघतेस आणि मागून श्रीरंगराव ‘झालं का, झालं का’ करतात. सांगलीला एका बाकावर बसून आपण चिठ्ठ्या लिहायचो, तेच पुन्हा करू.

गावात सध्या एकच विषय आहे. फुटबॉलचा जुना कोच बावीस वर्षांनी रिटायर झाला आणि नवा हेड कोच आलाय. डेल प्रुइट नाव. उंच, टेक्ससचा, नाक कधीतरी मोडून बसवलेलं. गेल्या सीझनला आपलं कॉलेज नऊपैकी दोन मॅच जिंकलं होतं, त्यामुळे ह्या माणसाकडे सगळं गाव डोळे लावून बसलंय. जगन्नाथच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटमध्येसुद्धा कॉफीला हाच विषय. प्रुइटसरांनी आल्या आल्या जुन्या मुलांतली अकरा जणं काढून टाकली. शैलू राहिला. माझ्या तोंडून ‘देवा’ निघालं, तर तो म्हणतो, ‘मावशी, रिलॅक्स, ही नीड्स अ किकर.’

तुझ्या सासूबाईंना लिहिशील तेव्हा नीट समजावून लिही. हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू अंड्यासारखा, तो हातात धरून पळायचं आणि एकमेकांच्या अंगावर पडायचं. आपला शैलू त्या दंगलीत नसतो. त्यानं मध्येच आत जायचं, दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेनं उडवायचा आणि परत येऊन बाकावर बसायचं. तेवढ्यात तीन गुण मिळतात. त्या दांडग्या पोरांत आपला शैलेंद्र म्हणजे नुसता वाटाणा. ती त्याला ‘शेल’ म्हणतात.

मी प्रुइटसरांना जेवायला बोलावणार आहे. जगन्नाथ म्हणतो, इथे कुणी कोचला असं बोलावत नाही. म्हटलं, न बोलावू देत. मुलगा ज्यांच्या हाती द्यायचा त्या सरांना एकदा घरी बोलवायचं, दोन शब्द कानावर घालून ठेवायचे, ही आपली रीत. तुझ्या बाबांनी नाही का गणिताच्या सरांना चहाला बोलावून सांगितलं होतं, ‘हिला पित्त होतं, उन्हात उभी करू नका’? तू आठवडाभर शरमेनं मान वर केली नव्हतीस. पण सरांनी तुला कधी उन्हात उभं केलं नाही, हे विसरू नकोस.

तुझी,
सुलेखा


पार्सिपनी, न्यू जर्सी
३ सप्टेंबर १९८५

प्रिय सुलू,

पत्र वाचून फार बरं वाटलं. बूट श्रीरंगने भरले. मी ऑफिसात होते.

तू तिथे आहेस म्हणून मी इथे झोपते. खरंच सांगते. इतक्या लांबच्या कॉलेजात त्याला पाठवायला मी कबूल झाले ती तुझ्यामुळे. माझ्या मंडळातल्या बायका विचारतात, तिथे कोण आहे तुमचं, तर मी ‘माझी बहीण आहे’ म्हणते.

कोचना जेवायला जरूर बोलव. पण सुलू, कानावर काही घालू नकोस. तुझा हात आणि तुझी जीभ, दोन्ही सढळ. म्हणून पुन्हा एकदा लिहिते. त्याला नवव्या वर्षी ते सांधे सुजून ताप आला, हृदयाच्या झडपेला थोडं लागलं, तेव्हा तू दोन महिने इथे राहून त्याच्या गोळ्या साखरांब्यात घालून दिल्यास. ते उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण ते प्रकरण संपलं. तो पंधरा वर्षांचा असताना इथल्या स्पेशालिस्टने सांगितलं, खेळू दे, फक्त अधूनमधून दाखवत जा. कॉलेजच्या फॉर्मवर ‘हृदयाचा आजार’ ह्या ओळीपुढे त्याने ‘नाही’वर खूण केली, ती माझ्या सांगण्यावरून. श्रीरंगला हे माहीत नाही.

मी असं का केलं ते तुला कळेल. त्याला खेळायचं होतं. आणि आमचं मंडळ तुला ठाऊक आहे, एका घरात शिंकलं तर चार घरांतून काढ्याचे फोन येतात. पाच-सहा वर्षांनी त्याच्या लग्नाचं बघायचं आहे. तेव्हा त्याच्या नावापुढे कुणी ‘हार्ट’ हा शब्द उच्चारलेला मला चालणार नाही. तू मला त्या वेळी शब्द दिला होतास.

श्रीखंडात केशर थोडं कमी घाल. अमेरिकन लोकांना वास सोसत नाही.

पद्मिनी


विल्टन फॉल्स
१५ सप्टेंबर १९८५

पद्मे,

दोन मॅच, दोन्ही जिंकल्या. काल तर शैलूनं तीनदा चेंडू खांबांमधून घातला आणि माझ्या मागे बसलेल्या एका लठ्ठ गृहस्थानं मला ओळखदेख नसताना मिठी मारली. जगन्नाथ बघतच राहिला. कात्रण सोबत पाठवते. श्रीरंगरावांना दाखव, म्हणजे पोरगा लाथा मारायला कॉलेजात गेलाय हे त्यांचं पालुपद बंद होईल.

गेल्या रविवारी प्रुइटसर जेवून गेले. पुऱ्या, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि सावर क्रीमचं श्रीखंड. केशर मी कमी घातलं नाही आणि त्यांनी तीन वाट्या खाल्लं. माणूस गोड आहे गं. हात धुऊन ताट स्वतः सिंकमध्ये नेऊन ठेवलं. शैलूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘आता हा माझा मुलगा.’ माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी म्हटलं, आमच्याकडे असंच म्हणतात, मुलगा तुमच्या हाती दिला.

मग जगन्नाथ आणि शैलू मागच्या अंगणात गवत कापायचं मशीन बघायला गेले, आणि सर आणि मी स्वयंपाकघरात चहा घेत बसलो. बरंच बोललो. आई-वडील कोण, कुठले, मुलगा लहानपणी कसा होता, असं सगळं आपुलकीनं विचारत होते. जाताना म्हणाले, ‘मॅडम, काही काळजी करू नका.’

तू काळजी करू नकोस. इथे त्याच्यावर दोन डोळे जास्तीचे आहेत असं समज.

सुलेखा


पार्सिपनी
२१ सप्टेंबर १९८५

सुलू,

कात्रण मिळालं. श्रीरंगने ते ऑफिसात नेलं आणि परत आणलं नाही, तेव्हा आणखी एक पाठव.

एक विचारायचं आहे. सरळ विचारते, सरळ सांग. त्या दिवशी स्वयंपाकघरात तू कोचशी शैलूच्या आजाराबद्दल बोललीस का? बोलली असलीस तर असलीस. मी रागावणार नाही. फक्त मला ठाऊक असायला हवं. सहजच विचारते आहे, दुसरं काही कारण नाही.

पद्मिनी


विल्टन फॉल्स
२९ सप्टेंबर १९८५

पद्मे,

छे गं. काय विचारतेस. तुला शब्द दिला होता ना मी? बारा वर्षं जी गोष्ट जगन्नाथजवळसुद्धा पुन्हा काढली नाही, ती एका टेक्ससवाल्याला सांगेन? तुझा माझ्यावर एवढाही भरवसा नसेल तर कमाल आहे. पोराचं लहानपण म्हणजे तो झाडावरून पडला ते, आणि दिवाळीत पडदा पेटवला ते, एवढंच सांगितलं.

चार मॅच झाल्या, चारही जिंकलो. गाव पार वेडं झालंय. न्हाव्यानं दुकानावर प्रुइटसरांचं चित्र लावलंय. शैलू जरा वाळलाय. जिना चढून आला की दम लागतो, पण म्हणतो प्रॅक्टिसच तशी आहे. मी त्याला रविवारी दुपारी सक्तीनं झोपवते.

दुसरं कात्रण पाठवलंय. हे घरीच ठेव.

सुलेखा


पार्सिपनी
१४ ऑक्टोबर १९८५

प्रिय सुलू,

तू नाही म्हणतेस तर नाही. विषय संपला.

तू स्वतःला जप. आपलं आता पंचेचाळिशीचं वय, मन उगाच कुठे कुठे भटकतं, नसते विचार येतात. तुझ्या त्या गोळ्या अजून चालू आहेत का? नसतील तर एकदा डॉक्टरना भेट. मी सहज म्हणते आहे.

शैलूला दम लागतो ते वजन कमी झालं म्हणून असेल. डिंकाचे लाडू पाठवते. त्याच्यासमोर ह्याचा फार बाऊ करू नकोस, सीझन संपू दे.

तुझी,
पद्मिनी


विल्टन फॉल्स
२४ नोव्हेंबर १९८५

पद्मे,

तुम्ही दोघं येऊन चार दिवस राहिलात, आपण हॉस्पिटलच्या एका खोलीत बसून होतो, आणि मला जे बोलायचं होतं ते मी बोलले नाही. श्रीरंगराव सारखे जवळ होते, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण, मी भ्यायले. आता लिहिते.

तुला माझ्या डोळ्यांनी काय दिसलं ते आधी सांगते. सोळा तारखेची शेवटची मॅच. पलीकडच्या काउंटीचं कॉलेज, त्यांच्याशी आपलं साठ वर्षांचं वैर. एका गुणानं आपण मागे होतो आणि शेवटचे काही सेकंद होते. शैलू आत गेला. त्यानं मारलेला चेंडू डाव्या खांबाला लागून बाहेर पडला. तो बाकावर येऊन बसला, छातीवर हात ठेवून, आणि त्याचे ओठ पांढरे पडले. मी कठड्यावरून हाका मारत होते. प्रुइट त्याच्यासमोरून दोनदा गेला. बघितलं, आणि पुढे गेला. शेवटी दुसऱ्या एका पोरानं अॅम्ब्युलन्सवाल्यांना बोलावलं.

हॉस्पिटलात डॉक्टरनं विचारलं, लहानपणी असा असा ताप आला होता का, आणि शैलूनं खरं ते सांगितलं. झडप पूर्वीपेक्षा जास्त गळतेय, आता खेळ बंद, हे तू ऐकलंसच. तुम्ही बुधवारी परत गेलात आणि गुरुवारच्या पेपरात प्रुइटचं बोलणं आलं. ‘ह्या मुलानं आजार लपवला. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. खोटं बोलणाऱ्याला माझ्या टीममध्ये जागा नाही.’ न्हाव्याच्या दुकानात आता म्हणतात, त्या इंडियन पोरानं आपल्याला फसवलं. शैलूला कॉलेजच्या ऑनर कमिटीपुढे बोलावलंय, नऊ डिसेंबरला. तिथे ठरलं की ह्यानं मुद्दाम सगळ्यांपासून लपवलं, तर एक वर्ष कॉलेजातून काढतात, आणि तसं कागदावर राहतं. त्या कागदानिशी त्याला कुठलं मेडिकल स्कूल घेईल, सांग.

आता माझं. पद्मे, मी प्रुइटला सांगितलं होतं. आठ सप्टेंबरला, माझ्या स्वयंपाकघरात, तिसरी वाटी श्रीखंड वाढताना. म्हटलं, ‘ह्याला नवव्या वर्षी असं असं झालं होतं. बरा आहे, पण जरा लक्ष असू द्या, एकदा डॉक्टरला दाखवून घ्या, आणि आईला मी सांगितल्याचं कळू देऊ नका.’ तो माझा हात हातात घेऊन म्हणाला, ‘हे आपल्या दोघांतच राहील.’ मला वाटलं सर आहेत. सरांना सांगून ठेवलं की ते मुलाला जपतात, हेच मी जन्मभर बघत आले. तुझ्या बाबांनी केलं ते मी केलं.

तू सरळ विचारलंस आणि मी तुला धडधडीत खोटं लिहिलं. वर उलट तुझ्यावरच भरवशाचं बोलले. त्याबद्दल मला काय वाटतं ते लिहायला बसले तर हे पत्र पुरं व्हायचं नाही. मला माफ करू नकोस हवं तर. पण मी कमिटीपुढे जाऊन सांगणार आहे की प्रुइटला अडीच महिन्यांपूर्वीच ठाऊक होतं. ठाऊक असून त्यानं तपासून घेतलं नाही, खेळवलं, आणि हरल्यावर पोराच्या माथी मारलं. हे सांगणारी मी एकटीच आहे.

सुलेखा


पार्सिपनी
३० नोव्हेंबर १९८५

प्रिय सुलू,

तुझं पत्र मी बँकेच्या पार्किंग लॉटमध्ये, गाडीत बसून वाचलं. मी तुला माफ केलं आहे. मनात काही ठेवलेलं नाही. तू प्रेमापोटी केलंस, मला कळतं.

पण तू कमिटीपुढे जाऊ नकोस. नीट विचार करून लिहिते आहे. जगन्नाथला त्याच कॉलेजात अजून पंधरा वर्षं काढायची आहेत. तो कोच सात मॅच जिंकलेला माणूस आहे, त्याच्यापुढे तुझं कोण ऐकणार? तो काहीही बोलेल. तुझा अपमान होईल आणि तो मला बघवणार नाही. श्रीरंगने इथे एक वकील पाहिला आहे, तो कमिटीला पत्र लिहील. शैलू कबूल करून माफी मागेल. फॉर्मवर खोटी खूण केली हे खरंच आहे ना? एक वर्ष गेलं तर गेलं. घरी राहील, तब्येत सुधारेल.

सुलू, माझी आपल्या सगळ्या वर्षांची आण आहे. जाऊ नकोस. मला आजवर तुझ्याकडे काही मागावं लागलं नाही, हे एक मागते.

तुझीच,
पद्मिनी


विल्टन फॉल्स
४ डिसेंबर १९८५

पद्मे,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा रडले. मी काय केलं आणि तू मला काय लिहिलंस. मी तुझा विश्वास मोडला आणि तुला माझ्या अपमानाची काळजी. जगन्नाथला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, अशी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं.

आणि बघ, माझंही एक गुपित तुझ्याजवळ आहेच की. शहात्तर साली दिवस गेले ते राहिले नाहीत, त्यानंतर मी चार महिने अंथरुणातून उठत नव्हते, मनाच्या डॉक्टरकडे मला हाताला धरून तूच नेत होतीस. जगन्नाथ सोडला तर हे जगात फक्त तुला माहीत. नऊ वर्षांत तू ते कुणाजवळ काढलं नाहीस. ऑक्टोबरात गोळ्यांचं विचारलंस तेव्हा मी क्षणभर चमकले होते, पण त्यातही तुझी काळजीच होती. गोळ्या तर तेव्हाच बंद झाल्या, तूच नव्हतीस का शेवटची बाटली फेकलीस. तू माझं झाकलंस आणि मला तुझं झाकता आलं नाही, हे मला फार लागलंय.

म्हणूनच मी जाणार. तुझं मागणं मोडते, रागाव. पण पोराचं एक वर्ष असं सोडून द्यायचं नसतं, पद्मे. तो फॉर्मचं कबूल करील, पण कोचला फसवल्याचं पाप त्याच्या अंगावर का? परवा आला होता. जेवला नाही. म्हणाला, ‘मावशी, कोच माझ्याशी बोलतच नाही.’ मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही. सोमवारी सगळ्यांसमोरच कळेल. मला निळी पैठणी नेसावीशी वाटतेय, जगन्नाथ म्हणतो साधा कोट घाल.

सुलेखा


विल्टन फॉल्स
११ डिसेंबर १९८५

सौ. पद्मिनी यांस,

आपल्या तीस तारखेच्या पत्रात आपण मला कमिटीपुढे जाऊ नकोस असं लिहिलं होतं. त्याचं कारण मला सोमवारी कळलं. आपण लिहिलेली कारणं वेगळी होती.

नाही, मला हे आपण-बिपण जमत नाही. चाळीस वर्षं तुला अगं-तुगं केलंय, आता शिव्या द्यायलासुद्धा तेच तोंडात येतं.

ऐक, काय झालं ते. लांबट टेबल, डीन, दोन प्रोफेसर, कॉलेजची दोन मुलं. एका बाजूला शैलू, टाय बांधून. दुसरीकडे प्रुइट. मागे खुर्चीवर जगन्नाथ. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. आठ सप्टेंबर, स्वयंपाकघर, काय बोलले, त्यानं काय वचन दिलं. शैलू माझ्याकडे वळून बघत राहिला. डीननं प्रुइटला विचारलं, हे खरं आहे का?

तो डगमगला नाही. खिशातून डायरी काढली, चष्मा लावला. म्हणाला, ‘ह्या बाई असं म्हणाल्या होत्या, खरं आहे. मी दोन दिवसांनी, दहा सप्टेंबरला संध्याकाळी सात वाजता मुलाच्या आईला फोन केला.’ आणि त्यानं वाचून दाखवलं, पद्मे. मुलाला कधी कसला आजार नव्हता असं आई म्हणते. ती मैत्रीण मनानं बरी नसते. तिला मूल नाही, गेलं, तेव्हापासून दुसऱ्यांच्या मुलांची आजारपणं मनानं रचते. उपचार घेतले आहेत. तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका.

तारीख, वेळ, सगळं लिहून ठेवलं होतं. ती दोन कॉलेजची मुलं माझ्याकडे बघेनात. एक प्रोफेसर, ज्याची बायको माझ्याकडून दर डिसेंबरात करंज्या नेते, तो पेन्सिलीशी खेळायला लागला. जगन्नाथ उठून माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मी फक्त म्हटलं, ‘आजार तर होता ना, हॉस्पिटलनं सांगितलं ना.’ डीन म्हणाला, हो, होता.

म्हणजे एकवीस सप्टेंबरला मला ‘सहजच विचारते’ लिहिलंस तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. मी खोटं बोलते का ते तुला बघायचं होतं. मी बोलले, आणि तू ते जपून ठेवलंस. ऑक्टोबरात गोळ्यांचं विचारलंस ते माझ्या काळजीनं नाही. तू त्याला जे सांगितलं होतंस ते खरं करून घेत होतीस. आणि ते माफीचं पत्र. जगन्नाथला वाचून दाखवलं मी ते.

मी तुझा शब्द मोडला ते चूक, ते मी कबूल करते आणि करत राहीन. पण मी तोंड उघडलं ते पोराच्या जिवासाठी. त्या एका फोनवर तू ‘हो’ म्हणाली असतीस, तर दुसऱ्या दिवशी त्याची छाती तपासली असती. तू ‘नाही’ म्हणालीस आणि वर माझं गेलेलं मूल त्याच्यापुढे टाकलंस. त्या माणसाला तेवढंच हवं होतं. खेळवायला एक आई मिळाली आणि हरल्यावर दोष द्यायला एक पोरगा. त्याचं काही बिघडलं नाही. त्याचं कॉन्ट्रॅक्ट आणखी चार वर्षांसाठी वाढवलं, कालच्या पेपरात आहे.

निकाल सांगते, त्यासाठी तू जीव टांगणीला लावून बसली असशील. काढलं नाही त्याला. फॉर्मबद्दल ताकीद, ती कागदावर राहणार नाही. कोचच्या कानावर ही गोष्ट आधीच आली होती, तेव्हा मुलानं त्याला फसवलं असं म्हणता येत नाही, असं डीननं लिहिलं. त्याला वाचवायला मी गेले, आणि वाचला तो त्या डायरीनं. तीत तुझा फोन होता म्हणून.

बाहेर पायऱ्यांवर मी त्याला गाठलं. म्हटलं, घरी चल, गरम भात टाकते. तो खाली बघत होता. म्हणाला, ‘मावशी, यू टोल्ड कोच. कोचनं आईला सांगितलं. आई त्याला नो म्हणाली. सगळे आपसात बोलत होते माझ्या हार्टबद्दल, फक्त मीच प्रॅक्टिसला दम लागतो म्हणून जास्त पळत होतो. सप्टेंबरमध्ये मला एकीनं तरी विचारायचं. मी स्वतः गेलो असतो डॉक्टरकडे.’ मी त्याचा हात धरायला गेले. त्यानं रागानं नाही, पण सोडवून घेतला.

क्रिसमसला तो त्याच्या रूममेटकडे इंडियानाला जातोय. तिकडून पुढच्या सेमिस्टरला परस्पर इथे येईल, पण रविवारी जेवायला येणार नाही असं म्हणाला. मी म्हटलं, हे आईला तू फोन करून सांग. तर म्हणाला, ‘तूच लिही. तुम्हा दोघींना पत्रं आवडतात.’

म्हणून लिहिलं. वीस तारखेला एअरपोर्टवर जाऊ नका, तो त्या विमानात नसेल.

सुलेखा